फोटो पाठवला, सोबत पत्ताही गेला

ज्यांना हा भाग ऐकता आला नाही, लोकलमध्ये रेंज गेली किंवा ऑफिसात इअरफोन लावले की मॅनेजर बघतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय आणि घाईत निसटलेले आकडे नीट लिहिलेत. बाकी जसं बोललो तसंच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. शनिवार-रविवारी निसर्गाचे फोटो काढतो, आणि चार वर्षांपासून आठ-दहा जणांच्या बॅच घेऊन ते शिकवतोही. पावसाळ्यात आंबोली, हिवाळ्यात भिगवण, मेअखेरीला काजव्यांसाठी अकोले तालुका. निम्म्याहून जास्त लोक फक्त मोबाईल घेऊन येतात आणि मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही. बेडकाला कॅमेरा कितीचा आहे ते कळत नाही.

आजचा विषय मात्र फोटो कसा काढायचा हा नाही. काढून झाल्यावर तो पाठवताना काय होतं, हा आहे. आणि यात चूक माझीच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने ओरडायला जागा नाही.

झालं असं. जून महिना, पहिला दमदार पाऊस पडून गेलेला. नऊ जणांची बॅच घेऊन आम्ही आंबोलीत होतो. तिथे डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं आहेत, त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात हा सडा तापलेल्या तव्यासारखा असतो. पाऊस सुरू झाला की त्याच्या खळग्यांमध्ये पाणी साचतं, कुठे चार बोटं, कुठे वीतभर. त्या डबक्यांवर आंबोली टोड नावाचा एक चिमुकला भेक प्रजननासाठी येतो. कडेला वाघासारखे पट्टे, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायग्रिना. २००९ साली त्याचं वेगळी प्रजाती म्हणून वर्णन झालं. आंबोलीच्या आसपासचा छोटासा पट्टा एवढंच त्याचं जग. त्याचा एक भाऊबंद कोयनेकडे आहे, आणि त्या वंशात आजवर नोंदलेले हे दोघंच. आययूसीएनच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आपला हा आंबोलीकर आहे.

त्या रात्री एका सड्यावर चार डबकी सापडली. भेक आवाज करत होते, आम्ही मंद टॉर्च लावून लांब बसलो, सगळ्यांना फोटो मिळाले. वर्गात शिकवतो ते सगळं आम्ही पाळलं होतं. दगड हलवला नाही, कुणाला हात लावला नाही, वीस मिनिटांत निघालो.

परत आल्यावर बॅचमधल्या एकीने विचारलं, "दादा, तुमचे फोटो ओरिजिनल साइजमध्ये द्याल का? व्हॉट्सअ‍ॅपवर फुटतात." मी मोबाईलनेही बरेच काढले होते. मी ते डॉक्युमेंट म्हणून ग्रुपवर टाकले, म्हणजे क्वालिटी कमी होणार नाही. कुणीतरी ते कौतुकाने दुसऱ्या मोठ्या ग्रुपवर पाठवले. तिथल्या कुणीतरी एक फोटो फोनमध्ये उघडला, बोटाने वर सरकवला, आणि खाली नकाशा आला. त्यावर एक टिंब. त्या टिंबाखाली आमची डबकी.

पुढच्या रविवारी सकाळी तिथल्या काकांचा फोन. काका म्हणजे आम्हाला रात्री फिरवणारे वाटाडे, वय साठच्या पुढे, सडा न् सडा पायाखालचा. म्हणाले, "काल रात्री सड्यार पंधरा-वीस माणसां इली हुती. तुझीच मा?"

माझी नव्हती. पण एका अर्थी माझीच होती.

दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा डबक्याच्या काठावरचे सपाट दगड उलटे पडलेले. भेक दिवसा अशाच दगडांखाली दडतात, ते कुणाला तरी माहीत होतं. एका डबक्यात चिखल ढवळलेला, काठावर बुटांचे ठसे. चारपैकी दोन डबकी कोरडी. मध्ये आठवडाभर पाऊस थांबला होता, त्यामुळे ती आपोआप आटली की काय झालं हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. काका काही बोलले नाहीत. एकेक दगड उचलून ते परत पालथे घालत होते. मीही घालू लागलो.

आता खरी लाजेची गोष्ट. फोटोतून लोकेशन काढून टाकायचं कोड मी ऑफिसात स्वतः लिहिलेलं आहे. युजरने प्रोफाइल फोटो अपलोड केला की आधी त्याच्या पोटातली माहिती पुसायची आणि मग सर्व्हरवर ठेवायचा, हे काम आमच्या टीमचं होतं. शनिवारी मी इंजिनियर नव्हतो, एवढंच.

तर हे प्रकरण नेमकं काय आहे ते बघू. फोनने काढलेला फोटो म्हणजे नुसतं चित्र नसतं. एसटीने पाठवलेल्या पार्सलवर जशी चिठ्ठी चिकटवलेली असते, कुठून निघालं, कधी निघालं, तशी फाइलच्या सुरुवातीला एक चिठ्ठी असते. तिला एक्सिफ म्हणतात. नव्वदच्या दशकात जपानी कॅमेरा कंपन्यांसाठी ठरवलेला हा नमुना आजही चालतो. शटर स्पीड, आयएसओ, कॅमेऱ्याचं मॉडेल, तारीख-वेळ, हे सगळं त्यात. शिकवणाऱ्याला तर हे वरदान आहे. कुणाचा फोटो हलला की मी आधी चिठ्ठी उघडून शटर स्पीड बघतो, मग बोलतो.

पण फोनच्या कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर त्याच चिठ्ठीत अक्षांश-रेखांशही बसतात. समुद्रसपाटीपासूनची उंची असते. बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा कोणत्या दिशेला रोखलेला होता तेसुद्धा. म्हणजे तुम्ही कुठे उभे होतात एवढंच नाही, तर तोंड कुठे होतं हेही.

हे किती नेमकं असतं? एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर एकच आकडा असेल तर चूक ११ किलोमीटरच्या घरात, दोन आकडे असतील तर एक किलोमीटरच्या आसपास. चार आकडे म्हणजे ११ मीटर, पाच म्हणजे एक मीटर. थोडक्यात दोन आकड्यांत गाव कळतं, चारात घर आणि पाचात दार. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. आणि सड्यावर आकाश मोकळंच असतं हो, एकही झाड नाही. आमचं डबकं होतं जेमतेम दोन मीटर रुंद.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर अ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्यात ही चिठ्ठी गळून पडते. म्हणूनच बहुतेकांना वाटतं की काळजीचं कारण नाही. पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते, चिठ्ठीसकट. ईमेलला जोडली तरी तेच, ड्राइव्हची लिंक दिली तरी तेच. गंमत बघा, जितकी चांगली क्वालिटी द्यायला जाल तितका पत्ता शाबूत राहण्याची शक्यता जास्त. चांगुलपणाच नडला म्हणतात तो असा.

बंद करणं मात्र सोपं आहे. अँड्रॉइडवर कॅमेरा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग किंवा तशा नावाचं बटण असतं, ते बंद करा. आयफोनवर प्रायव्हसीमध्ये जाऊन लोकेशन सर्व्हिसेस उघडा, त्यात कॅमेऱ्यासमोर नेव्हर निवडा. काढून झालेला फोटो आयफोनवरून पाठवताना वर ऑप्शन्स दिसतं, तिथे लोकेशन बंद करता येतं. काहीच जमलं नाही तर फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात मूळ कॅमेऱ्याची चिठ्ठी येत नाही. क्वालिटी जाते, जाऊ दे.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, झालं की, बटण बंद केलं, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून पुढच्या बॅचला मी एक खेळ दिला. माझा जुना फोटो, एका घाटातला. चिठ्ठी पुसलेली, नाव नाही, गाव नाही. फांदीवर बसलेला चापडा, म्हणजे हिरवा विषारी साप, आणि मागे धूसर डोंगर. ही जागा शोधून दाखवा, म्हटलं. पैजेला भजी.

दोन मुलींनी पस्तीस मिनिटांत शोधली! कशी, ते ऐका. धूसर डोंगरात एक मोबाईल टॉवर होता आणि त्याच्या डावीकडे कड्याला एक खाच होती. त्याच दिवशी मी स्टोरीला टाकलेल्या चहाच्या फोटोत एसटी थांब्याच्या पाटीवरची अर्धी अक्षरं दिसत होती. त्यावरून गाव. मग सॅटेलाइट नकाशावर त्या गावातून टॉवर त्या कोनात कुठून दिसेल याचा अंदाज. उरलेलं काम माझ्या रीलने केलं, कारण मागे ओढ्याचा आवाज होता. नकाशात त्या बाजूला ओढा एकच.

मी भजी दिली, पण रात्री झोप नीट लागली नाही. चापडा दबा धरून शिकार करणारा. एकाच झुडपावर कित्येक दिवस बसून राहतो. त्याला शोधत आलेल्या माणसाला तो उद्याही तिथेच भेटतो. उडून जाणाऱ्या पक्ष्याला निदान उडून जाता येतं. याला काठीने उचलून "बॅकग्राउंड चांगलं आहे" म्हणून दुसऱ्या फांदीवर ठेवणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत.

बॅचमध्ये कुणीतरी हटकून म्हणतं, दादा, एवढं काय, चार माणसं बघायला आली तर बिघडलं कुठे. त्यांना मी एका पालीची गोष्ट सांगतो. गोनियुरोसॉरस लुई. १९९९ साली चीन आणि व्हिएतनामच्या सीमेजवळून तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, अर्थातच ठिकाणासकट, कारण शास्त्राची तीच पद्धत. दिसायला देखणी. हौशी पाळणाऱ्यांच्या बाजारात तिला भरपूर भाव मिळू लागला आणि पकडणारे थेट त्या ठिकाणी पोचले. काही वर्षांतच मूळ जागेवरून ती नाहीशी झाल्याचं शास्त्रज्ञांनी लिहिलं. पुढे २०१५ साली त्याच वंशातल्या दोन नव्या पालींचं वर्णन करताना संशोधकांनी नेमकी जागा छापलीच नाही. शोधनिबंधात ठिकाण नाही, विचार करा. मी बग रिपोर्टमध्ये नेमक्या स्टेप्स लिहिल्या नाहीत तर टेस्टर मला फाडून खाईल.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर आंध्रातला तो निळाशार कोळी, पोइसिलोथेरिया मेटॅलिका. १८९९ साली गुत्तीच्या रेल्वे आवारातल्या लाकडांत सापडला होता. मग शंभर वर्षं कुणाला दिसला नाही. २००१ साली परत सापडला तो नंद्यालजवळच्या जंगलात. आज जगभरात लोक तो काचेच्या पेटीत पाळतात. जंगलातला त्याचा पट्टा मात्र अगदीच छोटा.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि मी तिला टाळणार नाही.

ठिकाण अजिबात सांगायचं नाही असं ठरवलं तर एखाद्या सड्यावर उद्या रिसॉर्ट किंवा खाण येताना तिथे काय राहतं याची नोंद कुठून आणायची? नोंद हवीच. त्यावर आयनॅचरलिस्टने काढलेला तोडगा मला इंजिनियर म्हणून फार आवडतो. तिथे तुम्ही फोटो टाकता, खरं लोकेशन टाकता. पण प्रजाती धोक्यातली असेल तर सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर टिंब मुद्दाम इकडेतिकडे टाकलं जातं. नकाशाचे ०.२ अंशांचे चौकोन पाडलेत, म्हणजे आपल्याकडे साधारण २२ बाय २१ किलोमीटर, आणि त्या चौकोनात कुठेही यादृच्छिक जागी ते टिंब पडतं. खरा आकडा आत सुरक्षित राहतो आणि ज्याला परवानगी आहे अशा अभ्यासकालाच तो दिसतो. तुम्ही स्वतःही कुठल्याही नोंदीसाठी हा पर्याय निवडू शकता. पक्ष्यांच्या ईबर्डवरही संवेदनशील प्रजातींच्या नोंदी अशाच झाकल्या जातात. थोडक्यात माहिती फेकून द्यायची नाही, फक्त तिचे हक्क ठरवायचे. डेटाबेसमध्ये आपण हेच करतो की.

आणि पोटाचा प्रश्न. हा मला काकांनी विचारला, दगड पालथे घालून झाल्यावर. तुम्ही ठिकाण लपवणार, मग आमच्याकडे येणार कोण? बरोबरच आहे. आंबोलीत पावसाळ्यात रात्री फिरायला येणाऱ्यांवर किती घरं चालतात ते मी बघतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी येतात, तिथे मच्छीमार बांधव होडीतून लोकांना फिरवतात. ते ठिकाण लपवण्यात काही अर्थ नाही. पाणी अफाट, पक्षी शेकड्याने, आणि होडी किती जवळ न्यायची एवढाच तिथला मुद्दा. पक्ष्यांनी माना वर केल्या की होडी थांबली पाहिजे, उडवून फोटो काढायचा नाही, हे होडीवाल्याला पैसे देतानाच बोलून घ्यावं. कास तर २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे, ते कुठे आहे हे शाळकरी पोरालाही माहीत. पण तिथे फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग आहे, रोजच्या माणसांना मर्यादा आहे, उभं कुठे राहायचं ते ठरलेलं आहे. लोकांना माहीत असलेली जागा सांभाळता येते. अवघड होतं ते अचानक माहीत झालेल्या जागेचं, जिथे कुंपण नाही, पाटी नाही आणि विचारणारा कुणी नाही.

म्हणून आता मी जागेपेक्षा जीव बघून ठरवतो. हा जीव पळून जाऊ शकतो का? त्याची किती ठिकाणं आहेत? आत्ता त्याची विणीची वेळ आहे का? रोहित असेल तर भिगवण लिहितो. टोड असेल तर आंबोली लिहितो, सडा लिहीत नाही. आंबोली एवढं सांगितल्याने नुकसान नाही, उलट माणूस गावात येतो, मुक्काम करतो, वाटाड्या विचारतो, आणि त्याला सड्यावर न्यायचं की नाही हे काका ठरवतात. ते मला पटतं. काका माणूस बघून ओळखतात. पहिल्याच प्रश्नात "साप हातात घेऊ देतील का" असं विचारणाऱ्याला ते हिरण्यकेशीचं देऊळ दाखवून परत पाठवतात. घरटं किंवा बेडकाचा फेस असलेली फांदी असेल तर मी गावही लिहीत नाही, फोटोही विणीचा हंगाम संपल्यावरच टाकतो. तीन महिन्यांनी टाकलेल्या फोटोला लाइक कमी पडतात, हे खरं आहे. आधी त्याचं वाईट वाटायचं.

काजव्यांचं थोडक्यात सांगतो, त्यावर वेगळा भाग करायचाय. तिथे पत्ता ही अडचणच नाही, पुरुषवाडी आणि भंडारदरा सगळ्यांना माहीत आहे. तिथे अडचण आहे उजेडाची. नर लुकलुकून मादीला बोलावतो, तुमच्या हेडलाइटमध्ये तो दिसेनासा होतो.

बॅचचे नियमही बदललेत. गाडी पुण्यातून निघताना सगळ्यांचे फोन काढायला लावून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करून घेतो. ओरिजिनल फाइल हवी असेल तर देतो, पण चिठ्ठी पुसून. त्यासाठी वीस ओळींची छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे, ती तारीख आणि शटर स्पीड ठेवते आणि फक्त जागा काढते, म्हणजे शिकण्याचं नुकसान होत नाही. ग्रुपवर लाइव्ह लोकेशन टाकायचं असेल तर ते जेवणाच्या हॉटेलचं टाकायचं. एकाने फी परत मागितली होती, म्हणाला एवढे पैसे देऊन जागा कळणार नसेल तर काय उपयोग. दिली परत. तो दुसऱ्यांदा आला नाही, बरंच झालं.

यंदा जूनमध्ये त्या सड्यावर पुन्हा गेलो, बॅच न घेता, मी आणि काका दोघंच. पाऊस चांगला झाला होता. चारही डबकी भरलेली, भेकांचा आवाज तीन ठिकाणांहून. चौथ्यापाशी आम्ही अर्धा तास बसलो, काही ऐकू आलं नाही. मी फोन बाहेर काढला तेव्हा काका माझ्या हाताकडे बघत होते. सेटिंग उघडून त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "माका काय कळता त्यातला. तू सांगतस तर खरा." मी तीन फोटो काढले, ते अजून कुणालाच पाठवलेले नाहीत.

पुढचा भाग काजव्यांवर. तोवर मागच्या ट्रेकचा एखादा फोटो उघडा आणि वर सरकवून बघा, खाली नकाशा येतो का. भेटू.